उघड्या डोळ्यांची शाळा

बाईंनी मला शिकवलेली पहिली प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायची होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्याआधी घरी आईने आणि चर्चमध्ये पाळक साहेबांनी एकच सांगितलं होतं, हात जोड आणि डोळे मीट. आणि या बाई, अंगावर पांढरं पातळ, पायात पुरुषांचे तपकिरी कॅन्व्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आम्हाला एका पळसाखाली गोल बसवून म्हणाल्या, "डोळे उघडा. देवानं एवढं मांडून ठेवलं आहे अन् तुमी आभार मानताना डोळे झाकता? कोनी जेवाले बोलावलं त ताटाकडं पाह्यत नाई का?"

आम्ही डोळे उघडले. वर पळस पेटल्यासारखा फुलला होता. एक सूर्यपक्षी फुलात चोच घालून उलटा लोंबकळत होता. बाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "प्रभू, हा बारका पक्षी आमी पाह्यला. आमेन." झाली प्रार्थना. एवढी लहान प्रार्थना मी त्याआधी ऐकली नव्हती. आमच्या चर्चमध्ये जेवणापूर्वीची प्रार्थनासुद्धा वरण गार होईपर्यंत चालायची.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचं चर्च पिपरी मेघे गावाच्या कडेला होतं. आज तिथे घराला घर लागलेलं आहे, तेव्हा चर्चच्या मागच्या कुंपणाला लागूनच महादेवभाऊंचं भाजीपाल्याचं शेत सुरू व्हायचं आणि शेत संपलं की नाला. नाल्याच्या दोन्ही काठांना पळस, बाभळी आणि एक जुना करंज. बाई समुद्रपूर तालुक्यात नर्स होत्या. उभी नोकरी त्यांनी एसटीने फाट्यावर उतरून पुढे पायी गावोगाव बाळंतपणं करण्यात घालवली. ते बूट तिथलेच. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दोन खोल्या भाड्याने घेऊन पिपरीत राहायला आल्या आणि आल्या त्याच महिन्यात मुलांची रविवारची शाळा त्यांच्या गळ्यात पडली, कारण दुसरं कुणी ती घ्यायला तयार नव्हतं.

वर्षातले नऊ-दहा महिने त्या इतर शिक्षकांसारख्याच असायच्या. वचन पाठ करा, चित्र रंगवा, खाऊ घ्या, घरी जा. पण पळसावर पहिलं फूल दिसलं की त्यांच्या अंगात काही तरी संचारायचं. चर्चच्या दारात उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या आणि आमची शाळा कुंपणाच्या फटीतून शेतात जायची, ती ईस्टर होईपर्यंत परत आत यायची नाही. याला त्या 'शेताची शाळा' म्हणायच्या. पाळक साहेबांनी एकदा विचारलं, "बाई, उपासाच्या दिवसांत मुलांना बाहेर कशाला नेता?" तर बाई म्हणाल्या, "पुनरुत्थानाच्या सकाळी शिष्य दार लावून घरात बसले होते, साहेब. बाया बागेत गेल्या. बागेत गेल्या म्हणून त्याईले दिसलं." आमचे पाळक साहेब तरुण होते, नुकतेच शिकून आले होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शेताच्या शाळेत काय काय असायचं! ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने करवंटीत माती घालून गव्हाचे सहा दाणे पेरायचे. पुढच्या प्रत्येक रविवारी एक दाणा उकरून पाहायचा. पहिल्या आठवड्यात तो फाटून कोंब आलेला असायचा, दुसऱ्यात पिचपिचीत, चौथ्यात नुसतं टरफल, आत काही नाही. "दाना कुठं गेला?" बाई विचारायच्या. "मेला," आम्ही म्हणायचो. "मेला? मंग हे हिरवं कोनाचं आहे? नीट पाहा." मग त्या जमिनीत पडून मेलेला दाणाच पुष्कळ पीक देतो असं येशूने सांगितलं होतं ते सांगायच्या, तेही जणू काल महादेवभाऊंच्या बांधावर बसून सांगितलं असावं अशा थाटात. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कडुलिंबाचा फुलोरा चावून खायचा, तोंड वाकडं न करता. महादेवभाऊंची दोन लेकरंही आमच्यात असायची. आईला विचारून या, असं सांगून बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना परत पाठवलं होतं आणि वर बजावलं होतं, "गोष्ट आमची आयका, प्रार्थना तुमच्या घरची करजा." ती लेकरं कडुलिंब खाताना म्हणाली, "आमी त पाडव्याले खातो." बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी आम्हाला ओरडूनच सांगितलं, "पाहा! हे दर वर्षी खातेत अन् तुमी एकदा खाऊन मेल्यासारखं करता!"

पण दृष्टान्तासाठी म्हणून खोटं काही चालायचं नाही. एका वर्षी लिंबाच्या झाडावरच्या अळ्या आम्ही बरणीत पाळल्या होत्या. त्यांचे कोष झाले. एका कोषातून फुलपाखरू निघालं त्या दिवशी पाळक साहेब मुद्दाम पाहायला आले आणि भारावून म्हणाले, "पाहा मुलांनो, अळी मेली, आणि..."

"अळी मेली नाई, साहेब," बाई म्हणाल्या.

"म्हणजे, एका अर्थी..."

"कोन्याच अर्थी मेली नाई. आत जिती होती, काम करून राह्यली होती. येशू मेला होता. खरा मेला होता. अळीची अन् त्याची बरोबरी कराची नाई. लेकरं उद्या मोठी होतीन, शाळेत शिकतीन, अन् म्हनतीन बाईनं आमाले फसवलं."

पाळक साहेबांनी तेही वहीत लिहून घेतलं.

या बाबतीत माझी स्वतःची एक लाजिरवाणी आठवण आहे. बाईंच्या पिशवीत नोकरीतला जुना स्टेथोस्कोप होता. फाल्गुनात पालवी फुटायला लागली की त्या तो आम्हाला एकेकाच्या कानात घालायला देत आणि पितळी चकती करंजाच्या बुंध्याला लावत. आत पाणी वर चढतंय, ऐकू येतं का पाहा, म्हणत. माझ्या आधीच्या तीन मुलींना ऐकू आलं. माझी पाळी आली. काहीही ऐकू आलं नाही. मी डोळे मोठे करून म्हटलं, "हो बाई! धडधड येतंय!"

बाईंनी स्टेथोस्कोप स्वतःच्या कानात घातला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "मले त काई ऐकू येऊन नाई राह्यलं. तुले खरंच आलं?"

मी रडायला लागले. बाई खाली बसल्या, माझ्या नाकाखालून आपला पदर फिरवला आणि म्हणाल्या, "नाई आलं त नाई आलं म्हनाचं. देवाले खोटी साक्ष लागत नाई, बाई. त्याचं तिच्याविना चालते." मग माझ्या आधीच्या तिघींकडे वळून पाहिलं. त्या तिघींनीही मान खाली घातली.

तेव्हापासून नियम झाला. दर रविवारी शाळा सुटताना प्रत्येकाने एक साक्ष द्यायची. आपण स्वतः पाहिलेली एकच गोष्ट. वाचलेली नाही, आईने सांगितलेली नाही. "मुंगळ्यानं मेलेला मुंगळा उचलून नेला." "आज मला काहीच नवीन दिसलं नाही." दोन्हींना बाई सारख्याच जोरात "आमेन" म्हणायच्या.

याच नियमाने पुढे आग लागली.

आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते. आम्ही त्यांना सेक्रेटरी काका म्हणायचो. बोलणं छापील, कपडे कडक इस्त्रीचे, आणि चर्चची घंटा वाजवायचा मान गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे. त्यांची नात मार्था माझ्या वर्गात, सहावीत होती. त्या वर्षी जानेवारीत मुलांचा रविवार होता. मुलांनी वचनं म्हणायची, साक्ष द्यायची, नागपूरहून पाहुणे बोलावलेले. काकांनी मार्थाकडून साक्ष घोटून घेतली होती. ती उभी राहिली, पाहुण्यांना सलाम केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी रोज सकाळी उठून प्रार्थना करते असं आजोबांनी म्हणायला सांगितलंय. पण मी रोज करत नाही. परीक्षेच्या दिवशी करते."

चर्चमध्ये असं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. पाहुणेसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. फक्त बाई हसल्या नाहीत. त्या मागच्या बाकावरून म्हणाल्या, "आमेन."

त्याच आठवड्यात कमिटी बसली. माझे वडील कमिटीत होते, त्यामुळे तिथे काय झालं ते आमच्या घरी पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं. काका म्हणाले, "बाई, भर मंडळीत माझं नाक कापलं गेलं."

"लेकरू खरं बोललं, साहेब."

"खरं बोलायला चर्च आहे का?"

हे तोंडातून गेलं आणि काकांनाही ते ऐकू आलं. सगळी कमिटी छताच्या पंख्याकडे पाहू लागली. पण सेक्रेटरी माणूस मागे हटेना. ठराव झाला की यंदा शेताची शाळा बंद. वर्ग चर्चच्या आत, बाकांवर, वचनं पाठ करून. पुढच्या वर्षी वर्ग कुणाकडे द्यायचा ते ईस्टरनंतर ठरेल.

आम्हाला वाटलं, बाई भांडतील. त्या भांडल्या नाहीत. पळस फुलला, आणि बाई आम्हाला घेऊन आत बाकांवर बसल्या. शिट्टी गळ्यात होती, पण वाजली नाही. आम्ही वचनं पाठ करत होतो आणि त्या खिडकीकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते ओढलेपण मी पहिल्यांदाच पाहिलं. तीन रविवार असे गेले.

चौथ्या रविवारी, आम्ही आत बसलेलो असताना, बाहेर ट्रक उभा असावा तसा घुमारा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर हवेत काळा ढग फिरत होता. तो चर्चच्या मनोऱ्याभोवती दोन वेळा फिरला आणि घंटेच्या वरच्या कमानीखाली जाऊन बसला. मधमाश्या! बघता बघता कमानीखाली सुपाएवढा काळा पडदा लोंबू लागला. आग्या मोहोळ.

बाई उठून उभ्या राहिल्या. "आपल्याले बाहेर जाऊ देत नाई ना," त्या हळूच म्हणाल्या, "मंग बाहेरच आत आलं."

पुढचे रविवार आम्ही वचनंही म्हटली आणि खिडकीतून मोहोळही पाहिलं. गांधीलमाशी जवळ आली की अख्ख्या पडद्यावरून एक लाट जायची, हजारो माश्या एकदम पोट वर उचलायच्या, आणि ती गांधीलमाशी माघारी फिरायची. आम्ही श्वास रोखून ते पाहायचो. बाईंनी गावोगाव फिरताना मोहोळ उठलेलं पाहिलं होतं, माणसं दगावलेली पाहिली होती. त्यामुळे त्यांनी आमच्याकडून चार गोष्टी इतक्या वेळा करून घेतल्या की झोपेतही केल्या असत्या. हात खाली. तोंड झाका. अंधारात जा. दार लावा. "झटकाचं नाई, माराचं नाई, पान्यात उडी टाकाची नाई." वर्ग सुटला की अंगणात त्या शिट्टी वाजवायच्या आणि आम्ही फ्रॉक, ओढणी, शर्ट जे असेल ते तोंडावर घेऊन आत पळायचो, खिडक्या-दारं लावायचो. सेक्रेटरी काका एकदा तेवढ्यात आत आले. अंधाऱ्या चर्चमध्ये वीस-बावीस मुलं डोक्यावर कपडे घेऊन गप्प बसलेली. ते आल्या पावली परत गेले.

मोहोळ जाळायचं की नाही यावर वाद सुरू झाला. काहींचं म्हणणं होतं, माणूस बोलवा, टेंभा लावा आणि मोकळे व्हा. बाई म्हणाल्या, "फुलं हायेत तोवर राहतीन. मे महिन्यात आपोआप उठून जातीन. फक्त घंटा वाजवू नका." पाळक साहेबांनी मान डोलावली. काका म्हणाले, "झावळ्यांच्या रविवारी घंटा नाही? मग मिरवणूक कसली?"

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, सगळी मंडळी अंगणात शिंदीच्या झावळ्या घेऊन उभी होती. गाणं सुरू झालं. बाईंनी काकांना मनोऱ्याकडे जाताना पाहिलं आणि हाक मारली, "साहेब, नका!" काकांनी दोरी ओढली. तीन ठोके पडले. चौथा पडला नाही.

मोहोळ उठल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. पडदा सुटला आणि खाली आला. मोठी माणसं ओरडत झावळ्यांनी माश्या झोडपू लागली, म्हणजे अगदी करू नये तेच. तेवढ्यात बाईंची शिट्टी वाजली. आणि आम्ही मुलांनी, देवाशपथ सांगते, एकानेही विचार केला नाही. हात खाली. मी आईच्या हातातली झावळी खाली पाडली, तिचा पदर तिच्याच तोंडावर टाकला आणि तिला ओढत दाराकडे निघाले. ती "अगं, अगं" करत होती. माझ्या बाजूने महादेवभाऊंचा मुलगा पाळक साहेबांच्या झग्याला धरून त्यांना ओढत होता आणि ओरडत होता, "झटकू नका, साहेब! झटकू नका!" म्हाताऱ्या बायांना दोन-दोन मुलींनी हाताला धरून आणलं. पाच मिनिटांत सगळी मंडळी आत, खिडक्या बंद, दारं बंद, अंधार. कुणाला दोन डंख, कुणाला पाच.

"आजोबा!" मार्था ओरडली.

काका आत नव्हते. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. ते मनोऱ्याच्या पायथ्याशी दोरीपाशीच होते, दोन्ही हात हवेत फिरवत, आंधळ्यासारखे भिंतीवर आपटत. मार्था दाराकडे धावली. बाईंनी तिला दंडाला धरून माझ्याकडे ढकललं. "हिले धर. सोडू नको." मग वेदीसमोर अंथरलेली मोठी सतरंजी उचलली, डोक्यावरून घेतली आणि दार फटीएवढं उघडून बाहेर गेल्या.

त्या धावल्या नाहीत. मी पाहत होते. त्या सरळ, एका चालीत चालत गेल्या, जशा फाट्यावर उतरून गावाकडे जात असतील. मनोऱ्यापाशी पोचल्या, सतरंजी काकांवर टाकली, त्यांना खाली बसवलं आणि स्वतःही आत शिरल्या. कडा खालून दाबून घेतल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी लाल-निळ्या पट्ट्यांचं एक गाठोडं उरलं आणि त्यावर माश्या घोंगावत राहिल्या. पाऊण तास ते गाठोडं हललं नाही. आत मंडळी रडत प्रार्थना करत होती. मी मार्थाला घट्ट धरून फटीला डोळा लावून होते.

माश्या वर परतल्या तेव्हा सतरंजी हळूच उठली. बाई काकांना कमरेला धरून आणत होत्या. काकांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. बाईंनी त्यांना दारातच बसवलं आणि एकेक काटा नखाने खरडून काढायला लागल्या. "चिमटीनं ओढाचा नाई, इख आत जाते," हे त्या स्थितीतही आम्हाला शिकवत होत्या. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर, मानेवर, हातांवर डंख होते. ते त्यांनी कुणाला काढू दिले नाहीत, आधी काकांचे. मग ऑटो आला आणि काकांना दवाखान्यात नेलं.

मी पुढे अनेकदा विचारलं, "बाई, सतरंजीखाली पाऊण तास तुम्ही काय बोललात?"

"काई नाई. ते 'देवा देवा' करत होते. मी म्हनलं, साहेब, हळू करा, मोहळाले कंप लागते. मंग ते मनात करू लागले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी जमली. आता प्रश्नच उरला नव्हता. टेंभा, रॉकेल, माणूस, सगळं ठरलेलं. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, चेहरा सुजून ओळखू न येण्याजोगा. मला वाटतं, त्या हरल्या होत्या. तेवढ्यात मार्था धापा टाकत आली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. आजोबांनी दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितला आणि तिने लिहून घेतला होता. पाळक साहेबांनी तो मोठ्याने वाचला.

"विषय : मोहोळ न जाळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, घंटा मी वाजविली होती. मनाई असतानाही वाजविली. सबब, मोहोळाकडे दोष जात नाही. मोहोळ आहे तेथेच राहू द्यावे. ईस्टरची उपासना शेतात घेण्यात यावी. तसेच शेताची शाळा पूर्ववत सुरू करण्यात यावी व ती बाईंकडेच ठेवण्यात यावी. सदरहू मजकूर मी स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर आधारित असून खरा आहे."

आधी मागे बसलेली एक म्हातारी हसली. मग सगळेच हसले. मग माझे वडील उठले आणि टाळ्या वाजवू लागले, आणि चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात हे सगळेच विसरले. बाईंनी पदर तोंडावर घेतला. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी येताना फार झोंबत असावं.

मोहोळ मे महिन्यात आपोआप उठून गेलं. शेताची शाळा मात्र पुढे खूप वर्षं चालली, दोन हजार साल उलटून गेलं तरी. नाल्याच्या अलीकडे प्लॉट पडले, पळस कमी होत गेले, तशा बाई आम्हाला, मग आमच्या लहान भावंडांना, मग त्यांच्याही मागच्या मुलांना आणखी लांब नेत गेल्या. शेवटच्या दोन वसंतांत त्यांना चालवत नव्हतं, तर महादेवभाऊंनी बैलगाडी जुंपली. बाई गाडीत, मागे पोरांची रांग, आणि रस्त्याने जाणारे लोक विचारायचे, वरात कुणाची? बाई गेल्या तेव्हा समुद्रपूरकडून एसटी भरून माणसं आली. त्यांच्यातली कितीतरी बाईंच्याच हातांवर जन्मलेली होती.

पण बाई आठवल्या की माझ्या डोळ्यांसमोर त्या वर्षीचा ईस्टर उभा राहतो.

शेत मागायला बाई आणि पाळक साहेब गेले तेव्हा महादेवभाऊ म्हणाले होते, "या ना बाप्पा. त्यात काय पुसाचं? फकत वाफ्यातून चालू नका." म्हणून पहाटे आम्ही सगळे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि पाटाच्या दोन्ही बाजूंनी ओळीने बसलो होतो. एकीकडे वांगी, दुसरीकडे सांबाराचे वाफे. म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे सांबारच म्हणतात. त्याचा वास सगळीकडे पसरला होता. काका दवाखान्यातून सुटून आले होते. एक डोळा अजून अर्धा मिटलेला, पण कपडे इस्त्रीचे, बूट पॉलिश केलेले. ते बाईंच्या शेजारी बसले. मुलांनी साक्षी दिल्या. एकाने सांगितलं, यंदा घरीच पेरलेल्या करवंटीतला शेवटचा दाणा त्याने उकरला नाही, कारण त्याला दया आली. बाईंनी "आमेन" म्हटलं. काकांनीही म्हटलं.

पूर्व तांबडी झाली. पाळक साहेब उभे राहून वाचू लागले. मरीया कबरेपाशी रडत उभी आहे. ती मागे वळून बघते. तिथे कुणीतरी उभं आहे. तो येशूच आहे, पण तिला कळत नाही. तिला वाटतं, माळी असेल.

आणि त्याच वेळी वांग्यांच्या पलीकडून एक माणूस आला. खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलात भरलेले. सूर्य नेमका त्याच्या मागे उगवत होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पाळक साहेबांचा आवाज थांबला. कुणी हललं नाही. पहिलीतली एक चिमुरडी उभी राहिली आणि किंचाळली, "बाई! आला!"

तो माणूस गोंधळून जागीच थांबला. "मी मंगून येतो बाप्पा," महादेवभाऊंचा ओशाळलेला आवाज आला. "लाइन आली होती, मोटार लावली, म्हनलं सांबारले पानी देऊन टाकू. तुमचं चालू द्या."

बाई हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग मोकळ्या, मग पोट धरून. उपासनेत कुणी असं हसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पाळक साहेबांनी पुस्तक मिटलं आणि तेही हसू लागले. शेवटी सेक्रेटरी काका उठले. जन्मभर छापील बोललेला तो माणूस हात उंच करून ओरडला, "जाता कुठं, महादेवभाऊ? सोडा, सोडा पानी! काऊन थांबता?"

महादेवभाऊंनी फावड्याने मातीचा बांध फोडला. पाणी पाटातून चमकत आलं, आमच्या दोन ओळींच्या मधोमध धावत सुटलं, काठावरून उसळून चपलांत शिरलं, झग्यांना, पदरांना लागलं. बाईंनी गाणं सुरू केलं. त्यांचा आवाज अगदीच बेसूर होता आणि त्या दिवशी तो सगळ्यांच्या वर होता. एकेक करत सगळी मंडळी त्यात मिसळली, महादेवभाऊंची लेकरंसुद्धा. काकांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून नीट घडी घालून खिशात ठेवले, विजारीचे पाय वर दुमडले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडून जोरात गाऊ लागले.